‘हाडांचं इंजेक्शन’ चालू असताना दाढ काढायची का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. आई ऐरोलीला, वय ५८. तीन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं झालं. आता रोज लेट्रोझोलची गोळी आणि दर सहा महिन्यांनी ‘हाडांसाठी कसलंसं इंजेक्शन’. वर्षभरात दात हिरडीजवळ काळे पडायला लागलेत, तोंड सारखं कोरडं पडतं आणि खालची डावी दाढ रात्री आणि गार पाण्याने ठणकते. एका डेंटिस्टने हात लावायलाच नकार दिला. दुसरे म्हणाले, उद्या या, पाच मिनिटांत काढून टाकू. आईचं म्हणणं, जीव वाचला ना, दातांचं काय घेऊन बसलीस! तुम्हाला हवंय ते एवढंच: दात किमोमुळे गेले का, आणि दाढ काढायची की ठेवायची.

मी ठाण्याला नौपाड्यात सव्वीस वर्षं दातांची प्रॅक्टिस करतेय. परळच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला किंवा त्यांच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला उपचार घेऊन आलेल्या बऱ्याच बायका माझ्या खुर्चीत बसून गेल्यात. त्या अनुभवावरून सांगते: दाढ काढायची की नाही हा तुमचा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न आहे, ते ‘कसलंसं इंजेक्शन’ नेमकं कोणतं, कधीपासून आणि कशासाठी. त्याचं उत्तर मिळालं की दाढेचा निर्णय बराचसा आपोआप होतो. ते न विचारता काढायला निघालेला डॉक्टर घाई करतोय. ते ऐकून घाबरून पेशंटला परत पाठवणाराही तिचं भलं करत नाहीये, कारण पू धरलेली दाढ जबड्यात तशीच राहणं हाही धोकाच आहे, आणि तोही त्याच प्रकारचा.

या इंजेक्शनची गंमत अशी की ते कुणाच्या औषधांच्या यादीतच नसतं. ‘काही गोळ्या चालू आहेत का?’ असं विचारलं की बायका सांगतात, बीपीची अर्धी आणि थायरॉइडची एक. कॅन्सर ‘झाला होता’, आता ‘संपला’, त्यामुळे त्याचा विषय निघत नाही. इंजेक्शनला कोणी कॅल्शियमचं म्हणतं, कोणी ताकदीचं. मी स्वतः यात एकदा तोंडघशी पडलेय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मावशींची हलणारी दाढ काढली. साधं काम होतं. दहा दिवसांनी टाके काढायला आल्या तेव्हा हिरडी भरलेली नव्हती. महिन्याने पाहिलं तर तिथे पिवळसर हाड उघडं, बोट लावलं तर खरखरीत. मग त्यांच्या मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून जाडजूड फाइल काढली आणि मला कळलं की पाठीच्या मणक्यात कॅन्सर पसरल्यामुळे त्यांना दीड वर्ष दर महिन्याला झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन लागत होतं. ती जखम ताळ्यावर यायला वर्ष गेलं. दोष त्यांचा नव्हता. मी ‘गोळ्या’ विचारल्या होत्या, त्यांनी गोळ्या सांगितल्या. तेव्हापासून मी प्रश्न बदललाय: ‘गेल्या दहा वर्षांत कधी सलाईन लागलंय का, आणि कशाचं?’

तुमच्या आईच्या बाबतीत एक साधी खूण विचारा. ते औषध सलाईनमधून पंधरा-वीस मिनिटं देतात, की पोटावर, मांडीवर किंवा दंडावर पटकन टोचतात? सलाईनमधून असेल तर बहुधा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, सहसा ४ मिलिग्रॅम. टोचत असतील आणि सहा महिन्यांनी असेल तर बहुधा डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम. हेच डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅमचं दर चार आठवड्यांनी देतात तेव्हा कारण वेगळं असतं: आजार हाडांत पसरलेला असतो. काही बायकांना पोटात दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी गोसेरेलिन देतात आणि कमरेत फुलवेस्ट्रंट. त्यांचा या जबड्याच्या प्रकरणाशी थेट संबंध नाही. पण अंदाजावर राहू नका. फाइलमध्ये डे-केअरचं पान असतं, त्यावर औषध, डोस, तारीख सगळं लिहिलेलं असतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

आता हे हाडांचं औषध दाढेच्या आड का येतं? आपलं हाड म्हणजे दगड नाही, ती सतत डागडुजी चालू असलेली इमारत आहे. सोसायटीचं रिपेअरिंग निघतं तेव्हा आधी एक टोळी पोकळ झालेलं प्लास्टर ठोकून पाडते आणि मग दुसरी टोळी नवीन लावते. हाडातही तसंच, जुनं खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या आणि नवीन भरणाऱ्या वेगळ्या. लेट्रोझोलमुळे शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेनही जवळजवळ संपतं, आणि मग खरवडणाऱ्या टोळीला आवरणारं कोणी राहत नाही. हाडं ठिसूळ होतात. म्हणून ही इंजेक्शनं त्या टोळीलाच घरी बसवतात. मणका, कंबर, मांडीचं हाड यांच्यासाठी हे उत्तम. शिवाय पाळी गेलेल्या बायकांमध्ये सहामाही झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडने आजार हाडांत परतण्याचं प्रमाणही थोडं कमी होतं, म्हणून ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, ते मुद्दाम देतात. जबड्यात मात्र अडचण होते. दात काढल्यावर त्या खड्ड्याच्या कडांचं हाड खरवडलं गेलं पाहिजे, तरच नवीन भरतं. टोळी घरी बसलेली, वर हिरडीचं कातडं पातळ, आणि तोंडात जंतूंचा बाजार भरलेला. कधीकधी हाडाचा तो तुकडा मरतो आणि उघडा पडतो. आठ आठवड्यांनंतरही हाड उघडं असेल, जबड्याला रेडिएशन मिळालेलं नसेल आणि हे औषध चालू असेल किंवा पूर्वी झालेलं असेल, तर त्याला औषधामुळे झालेला जबड्याचा नेक्रोसिस म्हणतात. वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात जास्त. डॉक्टरांच्या लक्षात हे पहिल्यांदा २००३ च्या सुमारास ठळकपणे आलं, पण एकोणिसाव्या शतकात काड्यापेटीच्या कारखान्यांत पिवळ्या फॉस्फरसच्या वाफा घेणाऱ्या कामगारांचे जबडे असेच सडत. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडच्या रेणूतही फॉस्फरस आहे, हा निव्वळ योगायोग नसावा असं अनेकांना वाटतं.

हे वाचून घाबरू नका, कारण धोका किती हे डोसावर आणि कारणावर ठरतं. हाडांत पसरलेल्या आजारासाठी दर महिन्याला मोठा डोस चालू असेल तर शंभरात साधारण एक ते पाच जणींना हा त्रास होतो. तुमच्या आईसारखं सहामाही असेल तर शंभरात एखादीला, किंवा तेवढंही नाही. फक्त हाडं ठिसूळ म्हणून देत असतील तर त्याहून बरंच कमी. म्हणजे आईच्या बाबतीत बहुतेक सगळं नीट होण्याचीच शक्यता आहे. पण ‘बहुतेक’ला धक्का देणाऱ्या गोष्टी आहेत: औषध चालू होऊन बरीच वर्षं झालेली असणं, डायबेटिस, स्टेरॉइड, हिरडीतला जुना पू, टोचणारी कवळी, आणि तंबाखू. तंबाखूवर मी पुढे येते, कारण तिथे आईला तुम्हीच विचारायचंय.

तर दाढ. तोंड न पाहता मी ठाम सांगू शकत नाही, पण माझ्याकडे आल्या असत्या तर काय केलं असतं ते सांगते. आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, आणि त्या दाढेचा छोटा एक्स-रे. दाढेच्या वरच्या भागात उभं राहण्याइतकं काही शिल्लक असेल तर रूट कॅनाल. अशा पेशंटमध्ये रूट कॅनालला मी फार झुकतं माप देते, इतरांत देईन त्यापेक्षा जास्त. कारण त्यात नसेतला संसर्ग निघतो आणि हाडाला धक्का लागत नाही. फक्त मूळ साफ करायच्या बारीक सुया (फाइली) मुळाच्या टोकाबाहेर न नेण्याची काळजी घ्यायची आणि दाताला धरणारा चिमटा (क्लॅम्प) बसवताना हिरडी फाडायची नाही. वरचा भाग पार गेलेला असेल, कॅप बसणारच नसेल, तरीही काढणं हा एकच मार्ग नाही. मुळांची रूट कॅनाल करायची, दाढ हिरडीच्या पातळीला कापायची, वर सिमेंट भरायचं आणि मुळं तशीच हाडात झोपू द्यायची. दिसायला विचित्र. नातेवाईक मला विचारतात, ‘मॅडम, अर्धवट काम का केलं?’ पण त्या मुळांनी त्रास दिला नाही तर ती वर्षानुवर्षं तशीच राहतात, आणि हाड त्यांच्याभोवती शांत असतं.

कधीकधी काढावीच लागते. मूळ उभं चिरलेलं असेल, दाढ गदागदा हलत असेल, सारखा पू येत असेल, तर ती ठेवण्यात शहाणपण नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या क्षेत्रात विचार थोडा बदललाय. पूर्वी ‘काढलं म्हणून हाड मेलं’ असं सरसकट म्हणायचे. आता लक्षात येतंय की बऱ्याच वेळा दाढ काढायची वेळ ज्या संसर्गामुळे आली त्यानेच हाड आधी पोखरलेलं असतं, आणि काढणं हे शेवटचं निमित्त ठरतं. म्हणून काढायची तर नीट काढायची. आधीपासून अँटिबायोटिक, काढण्यापूर्वी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने गुळणी, हाडावर कमीत कमी जोर, टोकदार कडा घासून गुळगुळीत, आणि हिरडी ओढून टाके घालून खड्डा झाकायचा. एका वेळी एकच दाढ. मग दोन महिने दर पंधरा दिवसांनी पाहायचं. हे काम मी ओरल सर्जनकडे देते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

वेळेचा प्रश्न इथे येतो. डेनोसुमॅब असेल तर त्याचा परिणाम पाच-सहा महिन्यांत ओसरतो. त्यामुळे मागच्या इंजेक्शननंतर तीन-चार महिन्यांनी काढायची आणि पुढचं इंजेक्शन यायच्या आत सहा-आठ आठवडे जखम भरू द्यायची, असं गणित बसतं. सहा महिन्यांच्या चक्रात ते बरोबर मावतं. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड मात्र हाडात वर्षानुवर्षं बसून राहतं. त्याचा एक डोस पुढे ढकलून किती फायदा होतो याचा भक्कम पुरावा नाही, तरी बरेच ऑन्कोलॉजिस्ट जखम भरेपर्यंत थांबतात, आणि ते मला पटतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: डेंटिस्टच्या सांगण्यावरून, ऑन्कोलॉजिस्टला न विचारता, इंजेक्शन चुकवायचं नाही. डेनोसुमॅब मध्येच सोडलं तर हाडांची झीज उसळून येते आणि मणक्याची हाडं पिचकतात. दाढ वाचवायला गेलो आणि पाठ मोडली, असं व्हायला नको. जाता जाता एक, ‘आधी सीटीएक्सची रक्ततपासणी करून या’ असं काही डॉक्टर सांगतात, म्हणजे हाड किती वेगाने झिजतंय हे मोजणारी तपासणी. तिच्यावरून धोका ठरवता येत नाही असंच आता मानलं जातं. पैसे वाचवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. किमोमुळे दात गेले का?

अंशतः. आणि बहुतेकांना वाटतं त्या प्रकारे नाही. किमोच्या काळात तोंड येतं, साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत जोर असतो आणि मग दोन-तीन आठवड्यांत भरतं. लाळ कमी होते, चव जाते, जिभेवर पांढरी बुरशी धरते. पण तीन वर्षांनंतर यातलं जवळजवळ काहीच उरत नाही. रेडिएशनला तर याबाबतीत बिचाऱ्याला उगाच शिव्या बसतात. स्तनाचं रेडिएशन छातीला आणि कधी काखेला व मानेच्या खालच्या भागाला देतात. जबडा आणि लाळेच्या ग्रंथी त्या टप्प्यात येत नाहीत. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन घेतलेल्यांचे दात धडाधड जातात ते वेगळं. शेजारच्या काकांचं ऐकून आईच्या दातांचा हिशोब लावू नका.

खरी भागीदारी दोघांची आहे. एक लेट्रोझोल आणि त्याच्या बहिणी अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन. ही गोळी पाच, कधी सात-दहा वर्षं घ्यायची असते. इस्ट्रोजेन गेलं की लाळ घटते, तोंडाचं अस्तर पातळ आणि चुरचुरतं होतं, हिरडीतून रक्त येतं. ज्यांची पाळी किमोमुळे चाळिशीतच गेली त्यांना हे सगळं एका झटक्यात होतं आणि त्यांना कोणी आधी सांगितलेलंही नसतं. दुसरा भागीदार घरातच आहे, आणि तो मी मागे लागून शोधते. तोंड कोरडं पडतं म्हणून बायका दिवसभर काहीतरी चघळतात. माझ्या अनुभवात पहिला नंबर खडीसाखरेचा, त्यानंतर लिमलेटची गोळी, आवळा सुपारी, गोड बडीशेप आणि मग दर दोन तासांनी अर्धा कप साखरेचा चहा. किमोच्या दिवसांत मळमळ थांबायला ही सवय लागते आणि नंतर सुटत नाही. साखर पोटात गेली की संपली, पण गालात ठेवली तर तासभर आम्ल तयार होत राहतं. लाळ असती तर तिने ते धुतलं असतं, इथे लाळच नाही. कीड नेमकी हिरडीजवळ लागते, जिथे मुळाचा मऊ भाग उघडा पडलेला असतो. तुम्ही लिहिलंय ‘दात मुळाशी काळे’. ते वाचल्या वाचल्या माझ्या डोळ्यांसमोर खडीसाखरेची डबी आली. विचारून पाहा. सोलकढी, कोकम, लिंबू सरबत यांचंही तेच, फक्त वेगळ्या वाटेने. जेवणाबरोबर प्या, हरकत नाही, पण दुपारभर घोट घोट नको.

आणि तंबाखू. ‘आमच्याकडे कोणी खात नाही’ असं प्रत्येक घर सांगतं. मशेरीला मात्र कोणी तंबाखू समजत नाही. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या कितीतरी बायका सकाळी उठून मशेरी लावतात, शिवाय दुपारी आणि रात्री, आणि वर सांगतात की दात स्वच्छ राहतात. आजारपणात तर मशेरी वाढते, कारण मन लागत नाही. ‘तंबाखू खाता का’ असं न विचारता ‘दातांना काय लावता’ असं विचारा. लावत असतील तर ओरडू नका. ही सवय चाळीस वर्षांची असते. पण दाढेची जखम भरायची असेल तर आधी आणि नंतरचे दोन महिने बंद, हे मी फार प्रेमाने पण ठणकावून सांगते. एकदा दोन महिने सुटली की काहींची कायमची सुटते.

उपाय साधे आहेत. दिवसभर पाण्याचे छोटे घोट. तोंडात काही हवंच असेल तर साखर नसलेलं, झायलिटॉलचं च्युइंगगम. एक ग्लास कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार वेळा गुळणी. अल्कोहोल असलेले झणझणीत माउथवॉश नकोत, ते तोंड आणखी कोरडं करतात. पेस्ट फ्लोराइडची घ्या, आकडा ट्यूबवर असतो, १००० पीपीएमच्या आसपास. ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘नॅचरल’ म्हणून घेतलेल्या पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. रात्री ब्रश झाला की थुंकायचं, चूळ भरायची नाही. याला सासूबाईंपासून सुनेपर्यंत सगळ्या तोंड वाकडं करतात, पण फ्लोराइड दातावर राहिलं तरच त्याचा उपयोग. शिवाय डेंटिस्टकडे दर तीन-चार महिन्यांनी फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कीड थांबलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. काळे पडलेले सगळेच दात भरावे लागतील असं नाही, काही तिथेच कडक होऊन थांबतात.

एक गोष्ट मुलींच्या सहसा लक्षात येत नाही: आई नीट ब्रश करत नाही कारण तिला करता येत नाही. लेट्रोझोलने सांधे आखडतात, सकाळी तर बोटं मिटतच नाहीत. त्यात ऑपरेशन उजव्या बाजूचं, काखेतल्या गाठी काढलेल्या, खांदा जड. एक पेशंट दोन वर्षं डाव्या हाताने जेमतेम घासत होत्या आणि मला सांगत होत्या, ‘मी करते हो डॉक्टर.’ मी ब्रश हातात दिला आणि म्हटलं, दाखवा. तेव्हा कळलं. ब्रशची दांडी जाड करा. सायकलच्या हँडलचं रबर चढवलं तरी चालतं. नाहीतर बॅटरीवरचा ब्रश आणा. आणि सकाळी उठल्या उठल्या न करता आंघोळीनंतर करू द्या, तोवर गरम पाण्याने बोटं सैल झालेली असतात.

डेंटिस्टकडे जाताना आणखी दोन-तीन गोष्टी. बीपी डाव्या हातावर मोजायला सांगा, उजवा दंड सुजायची भीती असते. किमो द्यायला छातीत कातडीखाली पोर्ट बसवलेला असेल तर सांगा. त्याच्यासाठी दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक सहसा लागत नाही, पण डॉक्टरला ठाऊक असलेलं बरं. आईची किमो आता संपलीय. पण हे वाचणाऱ्या कुणाची चालू असेल तर काम पुढच्या किमोच्या अगदी आधीच्या दिवसांत आणि ताजा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पाहूनच. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १००० च्या खाली किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ५०,००० च्या खाली असतील तर मी तातडीचं सोडून काही करत नाही. पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब या कॅन्सरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी बुरशीसाठी मेडिकलमधून परस्पर फ्लुकोनाझोल आणू नये, या औषधांचं जमत नाही. तोंडात लावायचं औषध मिळतं. आणि ज्यांचं हाडांचं इंजेक्शन अजून सुरूच व्हायचंय त्यांनी त्याआधी एकदा तोंड तपासून घ्या. काढायचे दात तेव्हाच काढले आणि हिरडी भरायला दोन-तीन आठवडे दिले, तर हे सगळं पुराण ऐकायची वेळच येत नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती सुरुवातीला लिहिली असती तर बाकीचं वाचलं गेलं नसतं. दाढदुखी कधीकधी दाढेची नसते. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईचा खालचा ओठ किंवा हनुवटी एका बाजूने बधिर झाली, किंवा हिरडी चांगली असताना एकच दात अचानक हलायला लागला, किंवा एक्स-रेमध्ये दाताला काहीच नसताना जबडा दुखत राहिला, तर रूट कॅनाल करत बसायचं नाही. थेट ऑन्कोलॉजिस्टकडे जायचं, त्याच आठवड्यात. आजार जबड्याच्या हाडात आलाय का हे पाहावं लागतं. हे क्वचित होतं. तुमच्या आईची दाढ किडलेली आहे, गार पाण्याने ठणकते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ती दाढच असणार. तरी आज संध्याकाळी आईला एवढं विचारा: दोन्ही बाजूंना ओठाखाली बोट फिरवलं तर सारखंच लागतं का?

आईच्या त्या वाक्याबद्दल थोडं. ‘जीव वाचला, दातांचं काय’ हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय! त्यामागे उपचाराला लागलेले पैसे असतात. आणखी खर्च घरच्यांवर नको, असं मनात असतं. तिच्याशी वाद घालू नका. मी तेव्हा एवढंच विचारते, शेवटची भाकरी कधी खाल्ली? बऱ्याचदा उत्तर येतं, ‘आता भात आणि पेजच.’ मग मी म्हणते, तुमच्या हाडांसाठी हॉस्पिटल एवढं महागाचं औषध देतंय आणि तुम्ही पेजेवर! हे पटतं. खर्चाचं म्हणाल तर खासगीत रूट कॅनाल आणि कॅप मिळून बरीच रक्कम होते. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय इथे खूप कमी पैशांत होतं, आणि तिथे ओरल सर्जरीचा विभागही आहे. नवी मुंबईतही नेरूळ, बेलापूर, खारघर भागात दंत महाविद्यालयं आहेत. फेऱ्या जास्त होतात, थांबावं लागतं. पण अशा केसला घाई नसलेली जागाच बरी.

म्हणजे आता क्रम असा. दाढ ठणकतेय तोवर पॅरासिटामॉल द्या. लवंगेचं तेल हिरडीवर नको, कातडं पातळ झालंय, भाजतं. नकार देणाऱ्या पहिल्या डॉक्टरांवर चिडू नका, त्यांना निदान धोका माहीत होता. फाइलमधलं पान घेऊन त्यांच्याकडेच परत गेलात तर कदाचित तेच रूट कॅनाल करतील, किंवा कोणाकडे पाठवायचं ते सांगतील. ऑन्कोलॉजिस्टना डेंटिस्टकडून दोन ओळींची चिठ्ठी न्या: कोणतं काम, कोणत्या तारखेला, इंजेक्शन पुढे ढकलायचं का. ते फोनवर सहसा भेटत नाहीत, पण चिठ्ठीवर उत्तर लिहून देतात.

आणि पान सापडलं की औषधाचं नाव, डोस आणि मागची तारीख मला कळवा. डेनोसुमॅब असेल आणि ते मागच्या महिन्यातच दिलेलं असेल, तर मी तुम्हाला रूट कॅनालचीच वाट धरायला सांगेन. तीन-साडेतीन महिने झाले असतील आणि दाढ काढावीच लागणार असेल, तर मग सर्जनची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या.